वरलं तळं भरलं का?

साताऱ्याहून येणारी दुपारची एस.टी. आमच्या फाट्यावर थांबते, दोन-चार माणसं उतरवते आणि घंटी वाजवून लगेच पुढे निघते. शाळेच्या ओसरीवरून मला ती रोज दिसते. श्रावणातल्या त्या दिवशी मात्र ती थांबली ती सुटेचना. मी चौथीच्या पोरांना भूगोल शिकवत होते. तोंडाने बोलत होते आणि डोळे फाट्याकडे लागले होते. मग कंडक्टर स्वतः खाली उतरला आणि उन्हातून शाळेकडे चालत यायला लागला, तेव्हाच मला कळलं. अर्ध्या वाटेवर त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ओसरीपाशी येऊन म्हणाला, "बाई, दवाखान्यातनं तुमच्या थोरल्या दिरांचा निरोप हाय. गाडी करून आणत्यात… सांजंपतूर येतील." कुणाला आणतायत हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मी त्याला पाणी दिलं. ते त्याने उभ्यानेच प्यायलं, आणि तोवर गाडीतली माणसं त्याची वाट बघत बसून राहिली.

शालन माझी थोरली जाऊ. घरात तिला सगळे आक्का म्हणायचे, मग गावच म्हणायला लागलं. तिला जाऊन आता दोन-अडीच महिने होतील. भेटायला येणारा जो तो म्हणतो, "सुटली बिचारी." मला हा शब्द पटत नाही, आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवते, त्यामुळे काही माणसं माझ्यावर रुसली आहेत. रुसू देत. जिला सुटायचंच नव्हतं तिला तुम्ही सुटली कसं म्हणता? तिला यंदा तळी भरलेली बघायची होती. एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते पुरं झालं नाही.

आक्का कृष्णाकाठची. सांगलीच्या अलीकडे नदीच्या वळणावर तिचं माहेर. परड्याचं दार उघडलं की खाली घाट आणि घाटाखाली पाणी. तिथल्या पोरी चालायला लागल्या की पाठोपाठ पोहायलाही लागतात. अशी मुलगी आमच्या कोरड्या माण तालुक्यात दिली, हे तिच्या बापाचं काय चुकलं की नशिबाचं, देव जाणे. लग्न होऊन आली तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिने सासूबाईंना विचारलं होतं, "आत्ती, नदीवर कुठनं जायाचं?" सासूबाईंनी तिला दूरवरचा वाळूचा पट्टा दाखवला. तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "नदी ही व्हय? मग हिला पाणी कवा येतं?" ही गोष्ट आमच्या घरी पुढे कैक वर्षं सांगून सांगून हसले लोक. आक्काही हसायची. पण माहेराहून तिने ट्रंकेत दोन सुके भोपळे आणले होते, ते पोहण्याचे आहेत हे तिने कुणाला सांगितलंच नाही. सासूबाई बी काढायला म्हणून एकदा ते फोडायला निघाल्या, तेव्हा तिने झडप घालून हातातून काढून घेतले. ते मग वर्षानुवर्षं माजघराच्या खुंटीला टांगलेले राहिले. मी या घरात आले तेव्हा मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून टांगलेत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याबद्दल पुष्कळांचं पुष्कळ लिहून झालंय, मी वेगळं काय लिहू? घरातले पुरुष मुंबईला गिरणीत, आणि आम्ही बायका दुष्काळी कामावर. मी तेव्हा लग्नानंतर नुकती मॅट्रिक झालेली सून, पदरात चार वर्षांची नंदा, शाळेत लागायला अजून अवकाश होता. रेशनवरच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी फडक्यात बांधायची आणि उजाडता डोंगराखालच्या ओढ्यावर जायचं. सरकारने त्या एका ओढ्यावर तीन पाझर तलाव घ्यायचं ठरवलं होतं, एकाखाली एक. डोंगराच्या पायथ्याला लहानसं, ते वरलं. त्याच्या खाली, जिथे ओढा पसरट होतो तिथे मोठं, ते मधलं. आणि गावच्या विहिरींच्या डोक्यावर तिसरं, ते खाललं. वरलं भरलं की सांडव्यावरून त्याचं पाणी मधल्यात पडणार, मधलं भरलं की खालल्यात. आम्ही तिन्ही बांधांवर माती टाकली. आमच्या टोळीत आक्का, मी, पिंजाऱ्याची अमिनाबी, आणि शेजारची हौसा. हौसा काटकुळी आणि तोंडाळ. मुकादमाची नक्कल करून टोळीला हसवायची आणि पाटी मात्र सगळ्यांपेक्षा जड भरायची. मधल्या बांधाला माती कमी पडायला लागली, तेव्हा तळ्याच्या पोटातच खणून माती काढायला सांगितली. खणता खणता तिथे दोन पुरुष खोल खड्डा झाला. उन्हाच्या वेळी त्याच खड्ड्यात सावली मिळायची. आम्ही कडेने पायऱ्या करून आत उतरायचो, भाकरी सोडायचो, आणि हौसा बोलत असायची.

काम संपत आलं तेव्हा एक साहेब आले होते. आक्काने पदर सावरून त्यांना विचारलं, "साहेब, ह्यात पाणी किती दिस ऱ्हाईल?" साहेब म्हणाले, "हे राहण्यासाठी नाहीत बाई, मुरण्यासाठी आहेत. पाणी जमिनीत पाझरेल आणि खालच्या विहिरींना येईल. होळीपर्यंत तळं रिकामं होईल." घरी येताना वाटेत आक्का म्हणाली, "म्हंजी सुमे, आटायसाठीच बांदलंय की गं हे." मी तिला विहिरींचं समजावून सांगितलं. तिला ते समजलं होतंच. पण वर्षानुवर्षं वाट बघून दारात पाणी यावं, तेही होळीला जाण्यासाठी, याचं तिला वाईट वाटलं आणि ते तिने लपवलं नाही.

दुष्काळ सरला, परतीचा पाऊस आला, आणि दसऱ्याच्या सुमाराला तिन्ही तळी भरली. सगळं गाव ओटी भरायला गेलं. खण, नारळ, हळदकुंकू पाण्यात सोडलं. म्हाताऱ्या माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शिवारात बगळे आणि चक्रवाक बघितले. शेजारच्या गावांतून माणसं भाकऱ्या बांधून बांधावर येऊन बसायची, नुसतं पाणी बघायला. मधल्या तळ्यात आमच्या टोळीने मागे सोडलेला मुरमाचा ढिगारा होता, तो पाण्याबाहेर राहिला आणि त्याचं बेट झालं. पुढे मी शाळेत लागले तेव्हा पोरांना बांधावर उभं करून शिकवायचे: हे द्वीप, ते पलीकडे जमिनीचं टोक आत गेलंय ते द्वीपकल्प, सांडव्यापाशी पाणी चिंचोळं होतं ती सामुद्रधुनी. माणातल्या पोरांना हे शब्द पुस्तकातून कधी कळले नसते. आक्का त्या वेळी माझ्याजवळ उभी असायची आणि पोरांपेक्षा जास्त मन लावून ऐकायची.

पण या सगळ्यात एक गोष्ट आम्हा कुणाच्या ध्यानात आली नाही. गावातल्या प्रत्येक बाईला तळ्याचा तळ पाठ होता. कुठे बाभळ होती, कुठे खडक लागला, कुठे पाटी ठेवून दम खायचो, सगळं. आपणच खणलेली जमीन, तिची काय भीती? दुसऱ्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर आम्ही दसऱ्याचं धुणं घेऊन मधल्या तळ्यावर गेलो. घरातल्या साऱ्या गोधड्या, वाकळा. एरवी हे धुणं आम्ही विहिरीच्या पाण्यात कसंबसं उरकायचो. त्या दिवशी बायकांना पाण्याचा नुसता हर्ष झाला होता. आक्का वर माळावर ओल्या वाकळा पसरत होती. हौसाची एक वाकळ हातातून सुटून आत सरकली. हौसा तिच्यामागे निघाली. अमिनाबी ओरडली, "हौसे, फुडं जाऊ नगं!" हौसाने वळून हसत म्हटलं, "आगं, हितंच तर भाकरी खायाला बसायचो आपुन. मला काय ठावं न्हाई व्हय?" आणखी एक पाऊल टाकलं आणि ती दिसेनाशी झाली. बोंबलायलाही तिला वेळ मिळाला नाही.

आम्ही काठावर किंचाळत राहिलो. चाळीस-पन्नास बायका होतो आणि एकीलाही पोहता येत नव्हतं. आक्का माळावरून धावत आली, तशीच लुगड्यासकट आत शिरली आणि बुडी मारली. एकदा वर आली, परत गेली. तिसऱ्या वेळेला हौसाला केसांना धरून वर घेऊन आली, तेव्हा हौसाच्या हातात वाकळ तशीच घट्ट होती… फार उशीर झाला होता. आक्काने तिला पालथं घातलं, पोट दाबलं, पाणी काढलं, काय काय केलं. शेवटी तिच्या शेजारी ओल्याने बसून राहिली. मला आजही ती बसलेली दिसते.

गावात मग सुरू झालं, तळ्याने बळी घेतला, आता कोंबडं द्या, दरसालचं द्यावं लागेल. आक्का देवभोळी होती, सगळे उपास करायची. पण त्या दिवशी ती चावडीपुढे जाऊन उभी राहिली आणि चढ्या आवाजात म्हणाली, "तळ्यानं काय बी घेतलं न्हाई. ह्या गावाला जमीन कळती, पाणी कळत न्हाई. तळं बांदलं तवा पवायला कुणी शिकवलं का आमच्या बायकास्नी?" पुरुषांसमोर तिला असं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. हौसाचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी आक्का एस.टी.ने माहेरी गेली. परत आली तेव्हा टपावरून पोतं उतरवलं, त्यात सुके भोपळे खडखडत होते.

पहिलं काम तिने केलं ते असं, की एका मोठ्या भोपळ्याला दोरी बांधून दोरीच्या टोकाला धोंडा लावला आणि खड्ड्याच्या बरोबर वर नेऊन सोडला. पाण्यावर डुलणारा तो भोपळा म्हणजे पुढे जायचं नाही ही खूण. पोरं त्याला हौसाचा भोपळा म्हणतात, अजूनही. मग तिने घरोघर जाऊन पोरी मागितल्या. कुणी देईना. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या सात पिढ्यांत बाईमाणूस कवा पवलं न्हाई." आक्का म्हणाली, "सात पिढ्यांत पाणी कुठं हुतं आत्ती?" सासूबाई पंधरवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. सगळ्यांत आधी अमिनाबीने आपली शाबिरा पाठवली. मग मी माझी नंदा पाठवली. दोन पोरींवर शाळा सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीत, ऊन वर आल्यावर, वरल्या तळ्यात. ते उथळ, तळाला मुरूम, आणि पोरींना आडोसा म्हणून कडेने घाणेरीची झुडपं. परकराचा काष्टा घालायचा, दोन भोपळे पाठीवर येतील असे कमरेला बांधायचे. दोर काचतो म्हणून आक्का जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून त्यांनी बांधायची. तिची गाठ मी नीट बघूनही मला कधी जमली नाही. माझं काम काठावरचं. पोरी बाहेर आल्या की त्यांच्या गाठी सोडायच्या. भिजलेल्या कापडाची गाठ अशी बसते की नखं मोडतात. मी दातांनी सोडायचे. आक्का पाण्यातून ओरडायची, "सुमे, दात सांबाळ, म्हातारपणी भाकरी खायाचीय!"

दोन वर्षांत पोरींचा घोळका झाला. थोरले भावजी, म्हणजे आक्काचे मालक, जत्रेला मुंबईहून आले, तेव्हा गावाने त्यांच्या कानाशी लागून सगळं सांगितलंच होतं. ते बांधावर आले, बराच वेळ हाताची घडी घालून बघत राहिले आणि परत गेले. आक्काने घरी येऊन चूल पेटवली, पण भाकरी करपली तरी तिचं लक्ष दाराकडे होतं. पुढच्या खेपेला भावजी आले ते मोटारीच्या चाकाची भली मोठी ट्यूब खांद्याला अडकवून. फाट्यापासून घरापर्यंत पोरांची वरात त्यांच्यामागे. ती ट्यूब पहिल्याच दिवशी बाभळीच्या काट्याने फुस्स झाली. भावजींचा चेहरा एवढुसा झाला, आणि आक्का इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दोघांना एकमेकांकडे बघून असं हसताना मी त्याआधी बघितलं नव्हतं.

पोहायला आलं याची आक्काची परीक्षा म्हणजे मधल्या तळ्यातलं बेट. भोपळ्यांशिवाय बेटापर्यंत जायचं, तिथे एक दगड ठेवायचा आणि परत यायचं. आक्का आधी जाऊन बेटावर बसायची, ओलं लुगडं पिळत, आणि तिथून एकेकीला हाक मारायची. सगळ्या झाल्या की शेवटची हाक मला. "सुमे, ये की गं! हितनं आपलं समदं गाव दिसतंय!" मी काठावरून हात हलवायचे. मला पाण्याची भीती वाटते, हौसा माझ्या डोळ्यांसमोर गेली. आक्काला ते माहीत होतं, ती कधी जबरदस्ती करायची नाही. पण दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला पोरींच्या जोड्यांबरोबर एक जोडी माझ्यासाठी बांधून तयार ठेवायची. नजरेनेच माझ्या कमरेचं माप घ्यायची आणि पट्टीची गाठ मारून ठेवायची. "ही तुजी. यंदा दोन बोटं वाढवलीय, मास्तरीण झाल्यापास्नं लय बसून खातीस." सगळ्या पोरी खिदळायच्या. ती जोडी हंगामभर कोरडीच राहायची, आणि पाणी आटलं की आक्का खुंटीवर टांगायची.

तिचा एक नियम होता, आणि त्यात तिने कधी कुणाचं ऐकलं नाही. पोहता येणारी जाणती बाई जवळ असल्याशिवाय एकाही पोरीने पाण्यात पाय घालायचा नाही. कितीही चांगलं येत असलं तरी नाही. "हौसाला बी लय ठावं हुतं," म्हणायची. एकदा शाबिरा एकटीच वरल्या तळ्यात उतरलेली सापडली, तर आक्काने तिला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली आणि नंतर स्वतःच रडली. शिकलेल्या पोरी मोठ्या झाल्या की लग्न होऊन परगावी जायच्या, त्यामुळे सगळ्या गावात पोहणारी जाणती बाई एकच होती, ती स्वतः. या नियमाचा पुढे काय अर्थ होणार हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही.

गेल्या दिवाळीला तिची पावलं सुजलेली होती. पहिल्यांदाच ती माझ्याशेजारी काठावर बसली. पोरींना लांबूनच ओरडून सांगत होती, कंबरेच्या पुढे जाऊ देत नव्हती, बेट तर त्या वर्षी कुणीच गाठलं नाही. मला म्हणाली, "काठावरनं तळं लय मोठं दिसतंय गं. तुला भ्या का वाटतं ते आज कळलं." माझी जोडी तेवढी तिने बांधली. गाठ मारताना दम लागत होता, तरी माझ्या कमरेकडे बघून म्हणालीच, "यंदा आणि दोन बोटं." संक्रांतीनंतर पोट वाढायला लागलं. दहिवडीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि साताऱ्याला न्यायला सांगितलं. यकृत गेलं होतं. पोटात पाणी होत होतं. भावजी मुंबईहून रजा काढून आले, मीही उन्हाळ्याची सगळी सुट्टी आणि पुढे बिनपगारी रजा घेऊन तिच्याजवळ राहिले. डॉक्टर सुई घालून पाणी काढायचे, चार दिवसांत पुन्हा भरायचं. एकदा बाटलीत जमलेलं ते पाणी बघून ती म्हणाली, "बग सुमे, जलमभर मी त्येच्या मागं, आन शेवटी त्येच माज्याकडं आलं." मला रडू फुटलं. ती मात्र बाटलीकडे बघत राहिली. आणि प्यायला मोजून पाणी. घोटभर पाण्यासाठी ती लहान पोरासारखी हात पुढे करायची, आणि नाही म्हणायचं काम माझ्याकडे होतं.

मृग गेला, आर्द्रा गेली. आमच्याकडे पाऊस उशिराचाच, हे तिला माहीत होतं, तरी गावाकडून कुणीही आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "वरलं भरलं का?" वरलं भरलं की मग बाकीची भरणार, म्हणून तिला वरल्याचंच हवं असायचं. सगळे खरं सांगायचे, अजून नाही. श्रावणात शाळेने मला बोलावून घेतलं. मी निघाले त्या सकाळी भावजींना तिची ती वाट बघणं सहन झालं नाही. ते म्हणाले, "भरलं. काल सांजंला भरलं. गावातनं सांगावा आलाय." आक्काने डोळे उघडले. म्हणाली, "सांडवा वाजतोय का?" वरल्याचा सांडवा वाहायला लागला की त्याचा आवाज आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. भावजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आक्का मला हळूच म्हणाली, "त्येनला म्हनावं, लटकं बोलायला जमत न्हाई तर बोलू नगा… सुमे, पोरींस्नी तेवढं पाण्यापास्नं तोडू नगंस." मी बरं म्हटलं आणि एस.टी. गाठायला निघाले. ती आमची शेवटची भेट. त्यानंतर चार दिवसांनी कंडक्टर टोपी हातात घेऊन आला.

अस्थी तिच्या भावाने कृष्णेला नेल्या. तिच्या माहेरच्या घाटावर सोडल्या. ते बरोबरच झालं, पण मला उगाच वाटत राहिलं की थोडंसं काही आमच्या तळ्यांकडेही राहायला हवं होतं. पण श्रावणात तळ्यांत होतं काय? मधल्याचा तळ भेगाळलेला, आणि खड्ड्याच्या काठावर हौसाचा भोपळा जमिनीवर आडवा पडलेला. तेराव्याला तिचे कपडे वाटून देताना तिचं हिरवं लुगडं माझ्या वाट्याला आलं. मी ते ट्रंकेत ठेवून दिलं.

हस्त नक्षत्र लागलं आणि पाऊस आला. तीन दिवस पडला. चौथ्या दिवशी सकाळी मी दात घासत अंगणात उभी होते आणि लांबून आवाज आला… सांडवा. मी तशीच खाली बसले. तोंडात राखुंडी, हातात तांब्या, आणि कुणाला सांगायचं तेच कळेना. घरात तो आवाज सगळ्यांनी ऐकला. भावजी आता कायमचे गावी आलेत, ते उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

दिवाळीची सुट्टी लागली. तिन्ही तळी भरलेली, ढिगाऱ्याचं पुन्हा बेट झालेलं, पक्षी आलेले, आणि पाण्यात कुणीही नाही. पोरी रोज बांधावर जाऊन बसायच्या आणि परत यायच्या. एकीनेही नियम मोडला नाही. मोडला असता तर मला कदाचित बरं वाटलं असतं. परवा त्या सगळ्या आमच्या दारात आल्या. पुढे शाबिरा. आता वाढलीय, तरी आक्काच्या हिशेबाने अजून पोरच, ओढणी सावरत म्हणाली, "बाई, पवणारी बाई पायजे ना? मग तुमीच शिका की. आमी शिकवतो." नंदा माझ्याकडे बघत नव्हती. हे सगळं आधी ठरवून झालेलं आहे हे मला कळलं.

मी माजघरात गेले. खुंटीवर एकाखाली एक जोड्या टांगलेल्या, सगळ्यात खाली माझी. गेल्या दिवाळीला आक्काने मारलेली गाठ तशीच. ती पट्टी मी डोक्यावरून घातली, खांद्यांवरून खाली ओढली, आणि हात सोडला तर ती कमरेला न थांबता सरळ पायांत पडली. भोपळे जमिनीवर आपटले. दवाखान्यातल्या त्या महिन्यांनी माझी पार रया गेली होती, हे मला त्या क्षणापर्यंत समजलं नव्हतं. दोन बोटं वाढवली होती तिने, आणि मी अशी झाले होते. नंदा आत आली, तिने बघितलं, आणि म्हणाली, "थांब, सोडून आवळून देते." तिने गाठीला हात घातला. मी एवढ्या जोरात नको म्हणाले की बाहेरच्या पोरी गप्प झाल्या. नंदाने हात मागे घेतला. मग ट्रंक उघडून आक्काचं हिरवं लुगडं काढून तिने माझ्यापुढे धरलं. मी त्याची घडी करून कमरेभोवती दोन वेढे दिले, तीन दिले. मग पट्टी वर ओढली. घट्ट बसली.

वरल्या तळ्यात कमरेइतकं पाणी असतं तिथपर्यंतच आम्ही गेलो, आक्काचा नियम तेवढाच वाकवून, त्याच्या पुढे कुणीच नाही. एक हात शाबिराने धरला होता, एक नंदाने. पाणी गार होतं. मी दोघींचे हात आवळून धरले, पोरींना वाटलं थंडीने. मागे वळून बघितलं तर काठावर कुणीच नव्हतं. माझं बेट अजून लांब आहे. यंदा गाठेनच असं मी कुणाला सांगितलेलं नाही.

हे लिहितेय तेव्हा भोपळे खुंटीवर निथळतायत, खाली नंदाने परात ठेवलीय. शेजारी दोरीवर हिरवं लुगडं वाळत घातलंय. उद्या परत लागणार आहे. पट्टी हातात घेऊन बघितली मघाशी. पाण्याने गाठ अशी घट्ट बसलीय की आता दातांनीसुद्धा सुटायची नाही.